डागी मालाच्या इंदूताई

इंदूताई साळवे हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या की आधी बसायला मागायच्या. माल बघणं, भाव विचारणं हे सगळं नंतर. उल्हासनगरच्या कॅम्पातली दुकानं म्हणजे समोरून कोणी आलं तर एकाने मागे सरायचं, एवढीच जागा. तरी कुठून तरी प्लास्टिकचं स्टूल निघायचंच. त्यावर त्या बसायच्या, पदराने मान पुसायच्या, पाणी मागायच्या आणि मग काउंटरखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट दाखवायच्या. "तो काढा."

त्या खोक्यात दुकानदाराला नकोसा झालेला माल असायचा. जबडा तिरका बसलेली पक्कड, मूठ चिरलेला स्क्रू ड्रायव्हर, पेटी फुटलेला पान्यांचा सेट, टेम्पोतून उतरवताना पडलेलं ड्रिल मशीन. बाजारात ह्याला 'लॉट' म्हणतात. इंदूताई 'डागी माल' म्हणायच्या, पाटीतल्या डागी आंब्यांना म्हणतात तसं. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चांगल्या मालाचा भाव दुकानदार सांगतो. डागी मालाचा आपण सांगायचा. आधी खोट, मग भाव."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या अंबरनाथच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. शनिवारी आम्हाला अर्धा दिवस असतो, आणि इंदूताईंना पिशवी धरायला माणूस लागायचं. माझा शनिवार असा कितीतरी वर्षं त्यांच्या पिशवीत गेला. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दाराशी येऊन फक्त "कल्पना, चप्पल घाल" म्हणायच्या.

एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. निवृत्त झाल्यावर जवळच्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी क्लास काढला. पंखा, मिक्सर, इस्त्री उघडायची, दुरुस्त करायची आणि बंद करायची. हे खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "माझा मिक्सर बिघडला. मेकॅनिक घरी आला. मिक्सर माझा, पैसे माझे. आणि काय बिघडलंय ते तो सांगतोय कुणाला? शेजारच्या साळुंखेंना. का, तर ते पँट घालून उभे होते." साळुंखे बिचारे पेपर परत करायला आले होते. त्यांना मिक्सरमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

क्लास म्हटला की हत्यारं आली. फी म्हणजे जिला जमेल तेवढी, त्यात नवी हत्यारं कुठून आणणार? म्हणून डागी माल, आणि म्हणून उल्हासनगर.

नंदूशेठ हा त्यांचा नेहमीचा दुकानदार. सिंधी, गोलमटोल, कपाळावर कायम चष्मा. इंदूताईंना तो 'अदी' म्हणायचा. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. बहीण म्हणायचा आणि लुटायला बघायचा.

"अदी, ये देख, नया आया है. एकदम मक्खन."

"मक्खन तुमच्या जावयाला द्या. मला तो खोका."

मग एक पक्कड उचलायच्या, मिटायच्या, ट्यूबलाइटसमोर धरायच्या आणि दोन जबड्यांच्या मधून बघायच्या. "उजेड दिसतो, शेठ. तार कशी धरणार ही?"

"अदी, उजेड तो भगवान का है. उसका पैसा मैं लेता नहीं."

"नाही ना घेत? मग जेवढा उजेड तेवढा भाव कमी करा."

आणि त्यानंतर त्या गप्प बसायच्या. त्यांचं खरं हत्यार हेच. भाव म्हणून सांगायच्या नाहीत. पक्कड मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसायच्या. नंदूशेठला बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही. तो आपणच एक आकडा सांगायचा, आपणच 'महंगाई है' म्हणायचा, आपणच आकडा उतरवायचा. मध्ये दुसरी गिऱ्हाइकं येऊन जायची. मी ह्या पायावरून त्या पायावर. शेवटी तो कपाळावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवायचा. चष्मा खाली आला की सौदा झाला.

लोकांना वाटतं घासाघीस करणाऱ्यांना त्यात मजा येते. इंदूताईंना मुळीच यायची नाही. परतताना शेअर रिक्षात त्या डोळे मिटून बसायच्या, पाय सुजलेले असायचे. "कल्पना, एका पकडीसाठी माणसाने एवढं बसावं का गं?" असं म्हणायच्या. मी म्हणायची, "मग नका ना बसू."

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. क्लासमधल्या बायका मिक्सर खोलायला शिकल्या. पंख्याचा कंडेन्सर बदलायला शिकल्या. दोघीतिघींनी घरच्या घरी कामं घ्यायला सुरुवातही केली. पण दुकानात जायचं म्हटलं की सगळ्या इंदूताईंकडे बघायच्या. "ताई, तुम्हीच आणा ना. आम्हाला तो नीट उत्तरच देत नाही. म्हणतो, भाभी, मिस्टर को भेजो." आणि खरंच मिस्टरांना पाठवायच्या.

इंदूताई कपाळाला हात लावायच्या. "मशीन उघडायला शिकवलं. तोंड उघडायला कसं शिकवू? मी आहे तोवर ठीक. मी गेले की ह्या परत नवऱ्याच्या हातात पिशवी देणार. एक तरी बाई एकटीने जाऊन, भांडून डागी माल आणू दे, मग मी म्हणेन क्लास झाला. तोवर नाही झाला." हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की आम्हाला ते ऐकू येईनासं झालं होतं.

सगळ्यात हुशार होती वैशाली. बदलापूरची, नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला. तिच्या बोटांत जादू होती, पण आवाज असा की समोरच्याने कान पुढे करावा. इंदूताईंनी एका शनिवारी तिलाच बरोबर घेतलं. नंदूशेठच्या दुकानाबाहेर थांबून तिला बजावलं, "टेस्टर घ्यायचाय. तू बोलायचं. मी नाही, कल्पना नाही."

वैशाली आत गेली. खोक्यातून टेस्टर काढला. त्याची क्लिप मोडलेली होती, ती तिने पाहिली, अंगठा फिरवून पुन्हा पाहिली. मग नंदूशेठने भाव सांगितला. आणि वैशाली म्हणाली, "दादा, जे असेल ते घ्या."

नंदूशेठसुद्धा क्षणभर गांगरला. इतक्या सहज त्याला कोणी पैसे दिले नव्हते. बाहेर आल्यावर इंदूताई पुढे चालू लागल्या. रिक्षा स्टँडपर्यंत चालत आल्यावर म्हणाल्या, "क्लिप मोडलेली दिसली होती ना तुला?"

"हो ताई."

"मग आवाज घरी ठेवून आलीस का?"

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. इंदूताईंनी पर्समधून रुमाल काढून तिला दिला, आणि तोंड मात्र दुसरीकडे फिरवून उभ्या राहिल्या. मला दोघींचीही दया आली.

मध्यंतरी बदलापुरात एक मोठं दुकान उघडलं. काचेचा दरवाजा, आत एसी, आणि एका कोपऱ्यात 'क्लिअरन्स' असं लिहिलेली मांडणी. इंदूताईंना कोणीतरी सांगितलं की तिथे निम्म्यात माल मिळतो. गेलो. तिथे बसायला मिळेना. शेवटी त्या विक्रीला ठेवलेल्या घडीच्या शिडीच्या खालच्या पायरीवर टेकल्या. पान्यांचा एक सेट उघडला, बोटाने एकेक पाना चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. दहा नंबरचा पाना नव्हता.

काउंटरवरच्या मुलीसमोर त्यांनी सेट ठेवला. "दहा नंबर नाही ह्यात. सगळ्यात जास्त लागतो तोच नाही. बोला आता, काय कमी करता?"

मुलीने सेट हातात घेतला, कुणाला तरी फोन केला आणि गोड आवाजात म्हणाली, "सॉरी मॅडम, पीस अपूर्ण असेल तर विकता येत नाही. हा परत जाईल."

"परत जाईल म्हणजे? मला हवाय. खोट दिसतेय तरी हवाय."

"सिस्टिम घेत नाही मॅडम." आणि तिने तो सेट खाली एका टोपलीत टाकला.

इंदूताई त्या टोपलीकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "खोट सापडली की भाव पडतो, असं मी आयुष्यभर धरून चालले. इथे खोट सापडली की वस्तूच जाते." त्या दिवशी त्यांनी स्टेशनपर्यंत रिक्षा केली नाही. चालत गेल्या, आणि मी चालता चालता त्यांच्याहून जास्त दमले.

नव्या हत्यारांचा एक सेट क्लासला फुकटही मिळाला होता. कुठल्याशा कंपनीने दिला. फोटो झाले, नारळ फुटला. तो सेट कपाटात गेला तो गेलाच. बायका त्याला हात लावेनात. "नवीन आहे ताई, ओरखडा पडेल." इंदूताई आधी ओरडल्या, मग त्याही उजेड दिसणाऱ्या पकडीनेच शिकवत राहिल्या. आपल्या लोकांना नव्या वस्तूची भीती वाटते, हे काही मला नवीन नव्हतं. माझ्या आईने लग्नातला काचेचा सेट मरेपर्यंत काढला नाही.

मग विहाराचं बांधकाम निघालं. स्लॅबचे तुकडे पडायला लागले होते, इमारत पाडून नवीन बांधायची ठरली. समितीतली माणसं चांगली होती, इंदूताईंना घरी येऊन सांगून गेली. पण नवीन इमारत कधी होईल हे त्यांनाच माहीत नव्हतं. खोली रिकामी करायची. बायका पांगल्या. इंदूताईंना तोवर दम लागायला लागला होता, जिना चढताना त्या दोनदा थांबायच्या. हत्यारं घरात ठेवायला जागा नाही. शेवटी म्हणाल्या, "नंदूशेठला परत विकू. त्याचंच आहे सगळं."

रिक्षात पायांशी हत्यारांची गोणी घेऊन आम्ही गेलो. ह्या वेळी स्टूल न मागता मिळालं. नंदूशेठने गोणी काउंटरवर ओतली आणि एकेक वस्तू उचलायला लागला. उचलली की इंदूताई बोलायच्या.

"ह्यातून उजेड दिसतो."

"याद है अदी."

"ह्याची मूठ तापते. कापड गुंडाळून धरावं लागतं. आणि त्या मीटरचा काटा शून्यावर येत नाही. तो ग्राइंडर तर घेऊच नका, आवाज करतो."

मी त्यांचा दंड दाबत होते, पण उपयोग नव्हता. तोंडाला वर्षानुवर्षांचं वळण पडलेलं. वस्तू दिसली की खोट बाहेर पडणारच. नंदूशेठने हातातला ग्राइंडर खाली ठेवला.

"अदी, तू माल बेचने आयी है या बदनाम करने?"

मग त्यानेच उलटं सुरू केलं. "अरे, ये ग्राइंडर में अभी जान है. ये पक्कड कंपनी की है, घिसी किधर है?" आपल्याच मालाची तारीफ करत तो आपणच भाव चढवत गेला, आणि इंदूताई पाडत गेल्या. असा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी त्याने चष्मा काउंटरवर ठेवला आणि पैसे त्यांच्या हातात न देता माझ्या हातात दिले. इंदूताई रिकाम्या गोणीची घडी करत बसल्या होत्या. घडी झाली, तरी त्या उठेनात. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शनिवारी त्या दारात हजर. "कल्पना, चप्पल घाल." कशाला, तर आपली हत्यारं कोण नेतंय ते बघायला. नंदूशेठनेही नाही म्हटलं नाही. स्टूल मात्र आता काउंटरच्या आतल्या बाजूला गेलं. गिऱ्हाइकाने खोक्यात हात घातला की इंदूताई आधी विचारायच्या, "काय काम आहे?" मग त्या वस्तूची खोट सांगायच्या आणि ती कशी सांभाळून वापरायची तेही सांगायच्या. पहिल्यांदा नंदूशेठने डोक्याला हात लावला. मग त्याच्या लक्षात आलं की खोका लवकर रिकामा होतोय. "अदी बोलती है तो लोग मानता है," असं तो मला म्हणाला. चहा आणि खारी द्यायला लागला.

असाच एक शनिवार. खोक्यात एक नवीन आलेलं ड्रिल मशीन होतं. त्याची बॉडी चिरलेली होती, ते कोणालाही दिसलं असतं. पण इंदूताईंनी आल्या आल्याच ते लावून बघितलं होतं आणि मला सांगितलं होतं, "सुलटं फिरतं. उलटं फिरत नाही. खटका बदलावा लागेल."

चारच्या सुमाराला दुकानात वैशाली आली. एकटी. खांद्याला कापडी पिशवी. काउंटरच्या आत स्टुलावर इंदूताईंना बघून ती हसली. "ताई, तुम्ही इथे?"

इंदूताई हसल्या नाहीत. जणू ह्या बाईला पहिल्यांदाच बघतायत अशा थाटात म्हणाल्या, "बोला, काय पाहिजे?"

वैशालीचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि म्हणाली, "ड्रिल. भिंतीवर पंखे लावायची ऑर्डर आहे. त्या खोक्यातलं दाखवा."

इंदूताईंनी ड्रिल पुढे सरकवलं. वैशालीने ते फिरवून पाहिलं. "बॉडी चिरलीय."

"म्हणून तर खोक्यात आहे. सोळाशे."

"लावून दाखवा."

नंदूशेठने पिन बोर्डात खोचली. ड्रिल घरघरलं. वैशालीने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. ठीक चाललं होतं. तिने ते काउंटरवर ठेवलं आणि गप्प राहिली. इंदूताईही गप्प राहिल्या. दोघी रस्त्याकडे बघत होत्या. नंदूशेठने बोलायला तोंड उघडलं तसं इंदूताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. बिचाऱ्याच्या दुकानात त्यालाच बोलायची चोरी.

"चौदाशे," अखेर इंदूताई म्हणाल्या. "शेवटचा भाव."

वैशालीने पर्स उघडली.

मी इंदूताईंकडे बघितलं. ही बाई उभ्या आयुष्यात एका वस्तूची खोट पोटात ठेवू शकली नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही तिने सांगितली असती. आणि आता ओठ घट्ट दाबलेले, पदराचं टोक बोटाला इतकं आवळून गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलं होतं. मला वाटलं, बोलतील. आता बोलतील. मीच बोलणार होते, तर त्यांनी काउंटरखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

वैशालीने नोटा अर्ध्या बाहेर काढल्या आणि थांबली. पर्स तशीच उघडी ठेवून तिने ड्रिल परत उचललं, बाजूचा छोटा खटका दुसरीकडे ढकलला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"उलटं फिरत नाही," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता. पण दुकानात सगळ्यांना ऐकू आला. "आधी खोट, मग भाव. हजार."

"हजारात कुठे येतं?"

"मग ठेवा."

आणि ती खरंच वळली. पायरीपर्यंत गेली. इंदूताईंनी नंदूशेठकडे पाहिलं. नंदूशेठने कपाळावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"या इकडे," इंदूताई म्हणाल्या. "घेऊन जा."

वैशाली परत आली. पैसे दिले, ड्रिल पिशवीत टाकलं, आणि म्हणाली, "ह्याच्याबरोबर दोन बिट पण द्या." दिले. मग तिने काउंटरवरून वाकून इंदूताईंच्या गुडघ्याला हात लावला, आणि गेली.

इंदूताईंनी बोटाचा पदर सोडवला. मान पुसली. पाणी मागितलं, ते नंदूशेठने स्वतः आणून दिलं. "अदी, तूने मेरा नुकसान कर दिया," तो म्हणाला, पण आवाजात नुकसान नव्हतं.

"कल्पना," त्या म्हणाल्या, "मला आजवर एवढं कुणी दमवलं नव्हतं गं." मग थोड्या वेळाने, "जा, बघून ये, रिक्षावाल्याशी काय बोलते ती."

मी नाक्यापर्यंत गेले. वैशाली रिक्षाच्या दांडीला धरून उभी होती आणि रिक्षावाला हात जोडत होता. हे सांगायला मी घाईने परत आले. इंदूताई फळीला डोकं टेकून स्टुलावरच झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, बारीक घोरत. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. नंदूशेठने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आणि त्या गिऱ्हाइकाला अगदी हळू आवाजात भाव सांगितला.